कळ कुठून उठते

विंचू चावलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारतात तो कळ कुठवर चढली हा. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की जांघेपर्यंत? जितकी वर तितके विष जास्त, असा सरळ हिशेब. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर हा हिशेब चालतो, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत झोपडी टाकून राहणाऱ्या मजुरांमध्ये चालतो आणि नाशिक शहरातले चांगले शिकलेले लोकही तोच मांडतात. या पुस्तकाचे निम्मे काम हा हिशेब मोडण्याचे आहे. कळ किती आणि जिवाला धोका किती, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गंमत अशी की दोन्हींचे मूळ एकाच घराण्यातल्या रेणूंत सापडते. त्यांना सोडियम चॅनल म्हणतात. त्यांची ओळख करून देणे हे पुस्तकाचे उरलेले निम्मे काम.

वेदना टिपणारी चेतापेशी पाहायला मिळाली तर तिच्या लांबीचेच आधी नवल वाटेल. पेशीचा मुख्य भाग कण्याच्या शेजारी एका छोट्या गाठीत बसलेला असतो. तिथून एक धागा कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतो आणि दुसरा थेट पायाच्या बोटापर्यंत जातो. उंच माणसात हा एकाच पेशीचा धागा मीटरभर भरतो. बोटाच्या कातडीत त्याची टोके फांद्यांसारखी पसरून उघडी पडलेली असतात. काटा रुतला, चटका बसला, ठेच्याचा हात चुकून डोळ्याला लागला, की त्या टोकांवरची प्रथिने जागी होतात. उष्णता आणि मिरची ही दोन्ही एकाच प्रथिनाला कशी चेतवतात हे डेव्हिड ज्युलियस यांनी दाखवले. त्यांना आणि स्पर्शाची प्रथिने शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली होती. पण ती बातमी अर्ध्याच वाटेची होती. टोकाशी उठलेला तो विजेचा बारीकसा बदल काही मिलिमीटरांत विरून जातो. तो मीटरभर दूर, कण्यापर्यंत, जसाच्या तसा पोहोचवायचा तर सोडियम चॅनल लागतात.

चॅनल म्हणजे पेशीच्या आवरणात आरपार रुतलेले एक मोठे प्रथिन. त्याच्या मधोमध सोडियमपुरती वाट असते आणि त्या वाटेला दारे असतात. पेशीच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापटीने किंवा त्याहूनही जास्त. शिवाय आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण. म्हणजे दार उघडले रे उघडले की सोडियम आत घुसणारच. दार उघडायचे की नाही हे चॅनल विजेच्या पातळीवरून ठरवतो. गोदावरीला पाणी वाढले की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, तसा. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला असेतो फारशी गडबड नाही. ते गळ्याशी आले की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवू लागतात. चेतापेशीतही एक पातळी ठरलेली असते. तिच्या खालच्या चढउताराची दखल घेतली जात नाही आणि ती ओलांडली की अर्धवट असे काही उरत नाही. एका ठिकाणची दारे उघडतात, त्यामुळे शेजारची पातळी वाढते, मग तीही उघडतात, आणि लाट कण्याकडे निघते.

इतकीच गोष्ट असती तर एका ठेचेने माणूस जन्मभर कळवळत राहिला असता. चॅनलला दुसरेही एक दार असते. पहिले उघडल्यावर मिलिसेकंदभरात हे दुसरे आपोआप आतून बंद होते, आणि पातळी पुन्हा खाली गेल्याशिवाय सुटत नाही. शाळेच्या पुस्तकात चित्र असते ते उघडणाऱ्या दाराचे. मला विचाराल तर वेदनेचा अर्धा इतिहास या बंद होणाऱ्या दाराचा आहे, आणि पुढच्या प्रकरणांतले विंचू, फवारणी आणि दातांचे डॉक्टर सगळे याच दाराशी येऊन थांबतात.

ठेचेवरून आठवले म्हणून सांगतो. उंबरठ्याला अंगठा आपटला की आधी एक लख्ख टोचणी जाणवते. मग क्षणभर काहीच नाही. तेवढ्यात आपण म्हणतो, 'फार लागलं नाही', आणि मग ती खरी ठणक येते. टोचणी आणणारे धागे सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने निरोप नेतात. ठणक आणणारे अगदी बारीक, विनाआवरणाचे धागे सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पायापासून मेंदूपर्यंतचे अंतर त्यांना सेकंदभर पुरते. विंचवाची कळ मुख्यतः या दुसऱ्या, संथ वाटेने येते.

या चॅनलचा शोध कसा लागत गेला याचा तपशील पहिल्या प्रकरणात आहे, इथे धावती नोंद पुरे. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली म्हाकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून सोडियमच्या लाटेचे गणित मांडले. १९७६ मध्ये नेहर आणि साकमान यांनी एकेका चॅनलमधून जाणारा प्रवाह मोजण्याची युक्ती काढली. १९८४ मध्ये शोसाकू नूमा यांच्या जपानी गटाने विजेच्या ईल माशातल्या चॅनलची रचना अक्षरशः वाचून काढली. त्यानंतर कळले की माणसात हा चॅनल एक नसून नऊ भावंडांचे कुटुंब आहे. त्यांना १.१ ते १.९ असे क्रमांक आहेत. १.४ स्नायूंत काम करतो, १.५ हृदयात, १.१, १.२ आणि १.६ मेंदूत व इतर चेतापेशींत. वेदना टिपणाऱ्या पेशींत १.७, १.८ आणि १.९ यांचे राज्य. भावंडे दिसायला इतकी सारखी आहेत की एकाला गाठायला गेलेले औषध दुसऱ्याच्या वाटेला जाते. या क्षेत्रात औषध कंपन्यांचे हात पोळले ते बहुतेक याच कारणाने.

आता विंचवाकडे वळू.

महाराष्ट्रात धोका आहे तो लहानशा, लालसर-तपकिरी विंचवाचा. इंगळी म्हणून ज्याची धास्ती घेतात तो मोठ्या नांग्यांचा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही. लाल विंचू बांधाच्या दगडांखाली, सरपणात, गोवऱ्यांच्या ढिगात, पायातल्या बुटातही सापडतो. त्याच्या विषातली काही छोटी प्रथिने सोडियम चॅनलच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात आणि ते दुसरे, आपोआप बंद होणारे दार बंद होऊ देत नाहीत. सोडियम आत येतच राहतो आणि पेशी निरोपावर निरोप सोडत राहते. हे कातडीतल्या वेदनेच्या धाग्यांत घडले तर कळ उठते. चावलेल्या जागी फारशी सूज नाही, लाली नाही, बोट लावू देत नाही अशी आग मात्र आहे. बहुतेकांची ही कळ दिवसभरात ओसरते. मांत्रिकाच्या हातून विंचू उतरतो तो याच हिशेबाने; रात्री चावला, पहाटेपर्यंत मंत्र चालला, सकाळी कळ कमी. मंत्र म्हटला नसता तरी ती कमी होणारच होती.

तेच विष रक्तातून शरीरभर फिरले की आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या चेतांची दारेही उघडी राहतात. त्या चेता रक्तवाहिन्यांवर आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींवर हुकमत चालवतात. शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. दरदरून घाम, उलटी, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब आधी चढलेला. मग हृदय थकते, फुफ्फुसात पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. हे सगळे घडत असताना रुग्ण कळीने ओरडत असेलच असे नाही. गार पडलेले, घामाने चिंब झालेले मूल शांत पडून राहिले, तर घरच्यांना वाटते विंचू उतरला. नेमकी तीच वेळ धावपळीची असते. उलट जो माणूस कळीने आकांत करतो आहे, पण अंग कोरडे आणि हातपाय गरम आहेत, तो बहुधा निभावतो.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला समजावून सांगितली ती महाडच्या एका डॉक्टरने. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात गेले. तेव्हा कोकणात विंचवाने गंभीर झालेल्या शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी करत राहिले आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्या लक्षणांवर लिहिले. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरायला घेतले. हे मुळात रक्तदाबाचे औषध, स्वस्त, गोळीच्या रूपात मिळणारे. ॲड्रेनलिनचा लोंढा रक्तवाहिन्यांवर ज्या जागी आदळतो ती जागाच ते अडवते. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने तेही छापले. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण शंभरात चाराच्याही खाली आले. २०११ साली हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 'बीएमजे'मध्ये ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत पूर्ण सावरलेले रुग्ण २२.९ टक्के होते. सोबत विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, दिल्यावर ९१.४ टक्के. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. मला या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे पाहणे. प्रयोगशाळा नव्हती, चॅनलचे चित्र समोर नव्हते, पण कुठली लक्षणे मारतात आणि कुठली नुसती छळतात हे त्यांनी हाताने चाचपून वेगळे केले.

त्याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचे द्रव्य वेगळे काढले गेले. ते पोटॅशियमच्या एका चॅनलला नेमके बंद करते, आणि जगभरच्या प्रयोगशाळा ते आजही वापरतात. आपल्या बांधावरच्या प्राण्याची ही दुसरी कीर्ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.

आता आरोग्य केंद्रात विंचूदंशाचा रुग्ण आला की काय होते ते पाहा. चावलेल्या जागी लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. ते जागच्या जागी वेदनेच्या धाग्यांतले चॅनल बंद करते आणि कळ जाते. लस विषालाच धरते. प्राझोसिन चॅनलला हातही लावत नाही, पुढे रक्तवाहिनीशी काम करते. तीन औषधे, तीन वेगळे मुक्काम. पहिले दिले आणि कळ थांबली म्हणून रुग्णाला घरी पाठवले तर घोटाळा होऊ शकतो, कारण दुसऱ्या चेतांचे वादळ तसेच चालू असते. असे घोटाळे होतात. नुसती कळ कमी करून आपण काम संपले असे समजतो, कारण आपणही मनातून तोच 'कुठवर चढला'चा हिशेब करत असतो.

लिग्नोकेनची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते तयार केले. त्याआधी कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनच्या थेंबांनी डोळा सुन्न करून दाखवला होता. लिग्नोकेन पेशीच्या आवरणातून आत शिरते आणि चॅनलला आतल्या बाजूने बुच मारते. वारंवार उघडणाऱ्या चॅनलला ते अधिक घट्ट धरते, म्हणजे ज्या धाग्यात जास्त गडबड चालली आहे तिथे त्याचे काम अधिक नेमके होते. पू झालेली दाढ काढायला गेल्यावर डॉक्टर दोन-तीनदा हिरडीत टोचतात तरी ती सुन्न होत नाही, याचे कारणही यातच आहे. पू झालेल्या ऊतीत आम्लता वाढते, तिथे लिग्नोकेनच्या रेणूंवर भार चढतो आणि भारित रेणू आवरणातून आत जाऊ शकत नाहीत. डॉक्टरचा हात वाईट नसतो. हेच औषध शिरेत जास्त गेले तर मेंदूतल्या आणि हृदयातल्या भावंडांनाही गाठते, म्हणून मात्रेचा एवढा धाक.

नाशिक जिल्ह्यात या चॅनलची दुसरी भेट शेतात होते. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळ कांद्यावर फुलकिडे आले की लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन अशी औषधे फवारतात. पाठीवर पंप घेऊन वाऱ्याच्या दिशेकडे दुर्लक्ष करून सकाळभर फवारणाऱ्याला दुपारी गालांवर, डोळ्यांभोवती चुणचुण सुरू होते. मिरची लागल्यासारखी. आरशात पाहावे तर ना लाली ना फोड. गरम पाण्याने तोंड धुतले की आणखी वाढते. घाम आला, ऊन लागले तरी वाढते. बहुधा दुसऱ्या दिवशी जाते. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून मिळणाऱ्या पायरेथ्रमच्या रचनेवरून ही औषधे घडवली आहेत. उन्हात टिकणारे पर्मेथ्रिन इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रातल्या मायकेल इलियट यांच्या गटाने १९७३ मध्ये पुढे आणले. कीटकांच्या सोडियम चॅनलची दारे ती बंद होऊ देत नाहीत, म्हणजे विंचवाच्या विषाचाच धंदा. माणसाचे चॅनल त्यांना इतके वश होत नाहीत आणि आपले यकृत त्यांना लवकर मोडते. पण गालावरच्या कातडीत वेदनेच्या धाग्यांची टोके अगदी वर असतात, तिथे तेवढी मात्रा पुरते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. बाजारात प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र असलेली औषधे सर्रास मिळतात. त्यातला प्रोफेनोफॉस वेगळ्या जातीचा, तो सोडियम चॅनलशी संबंध न ठेवता मारतो आणि त्यावर ॲट्रोपिन लागते. चुणचुणीचे अनुभव ऐकून 'औषध लागले, उद्या जाईल' म्हणणाऱ्याने आधी बाटलीचे लेबल वाचावे. तोंडातून लाळ, बाहुली बारीक, छातीत घरघर असेल तर लेबल वाचत बसू नये.

फुलकिडे औषधाला दाद देत नाहीत ही तक्रार कृषी सेवा केंद्रात रोज ऐकू येते. भेसळ हे एक कारण असेल, पण दुसरे शास्त्रशुद्ध आहे. अनेक किडींच्या, कांद्याच्या फुलकिड्यांच्याही, सोडियम चॅनलमध्ये एखाद-दुसऱ्या घटकाचा बदल होतो आणि औषध चिकटायला जागा राहत नाही. अमेरिकेच्या ॲरिझोनातला टोळखाऊ उंदीर त्याहून पुढे गेला आहे. तो तिथला जहाल विंचू पकडून खातो. विंचू तोंडावर नांगी मारतो, उंदीर क्षणभर तोंड चोळतो आणि खायला लागतो. ॲशली रो यांच्या गटाने २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवले की या उंदराच्या १.८ चॅनलमध्ये असा बदल आहे की विष त्याला चिकटून उघडे ठेवण्याऐवजी बंदच करते. विंचवाचे विष त्या उंदरासाठी वेदनाशामक ठरते. हा शोध वाचल्यावर मी पहिल्यांदा १.८ या क्रमांकाकडे गंभीरपणे पाहायला लागलो.

माणसांतही बदल सापडले. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी एका कुटुंबातला आजार उलगडला. तळपायांची एवढी आग होते की माणसे पाय बर्फाच्या पाण्यात घालून बसतात. १.७ चॅनल अगदी थोड्या चढउतारालाही उघडत होता. दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरचा लेख 'नेचर'मध्ये आला. त्यांतल्या मुलांना जन्मापासून वेदनाच कळत नव्हती, कारण त्यांचा १.७ काम करत नव्हता. या शोधाची सुरुवात एका मुलामुळे झाली. तो रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालण्याचे खेळ करायचा. चौदा वर्षांचा होण्याआधी तो छपरावरून उडी मारून गेला. या मुलांच्या जिभा चावलेल्या, हाडे मोडून तशीच जुळलेली. वेदना म्हणजे निव्वळ त्रास, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

मग कंपन्या १.७ बंद करणाऱ्या औषधामागे लागल्या. एक-दोन उमेदवारांचा गाजावाजा झाला, मधुमेहाच्या तळपायाच्या आगीवर चाचण्या झाल्या आणि फायदा जेमतेम निघाला. यश आले ते १.८ ला. सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मंजूर झाले, मोठ्या माणसांच्या मध्यम ते तीव्र तात्पुरत्या वेदनेसाठी. मेंदूत १.८ जवळजवळ नसल्याने त्याची अफूजन्य औषधांसारखी सवय लागण्याची भीती नाही, हा त्याचा मोठा गुण. पण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर ते जुन्या अफूजन्य गोळीपेक्षा सरस ठरले नाही, आणि कंबरेतून पायात जाणाऱ्या सायटिकाच्या चाचणीत ते दिखाऊ गोळीहून वेगळे दिसले नाही. 'वेदनेवर रामबाण' अशा मथळ्यांपासून वाचकाने चार हात दूर राहिलेले बरे. दरम्यान चेहऱ्याच्या चेतेच्या असह्य कळीवर १९६० च्या दशकापासून वापरली जाणारी कार्बामाझेपिनची गोळी आपले काम करतेच आहे. तीही सोडियम चॅनलवरच बसते, आणि तालुक्याच्या औषध दुकानात मिळते.

पुस्तकाची मांडणी सरळ क्रमाने नाही हे वाचकाच्या लक्षात येईल. रचना आणि गणिताची प्रकरणे मधे आहेत. ज्यांना ती जड वाटतील त्यांनी ती गाळून विंचू आणि फवारणी आधी वाचली तरी चालेल. तळपायाच्या आगीचे प्रकरण मधुमेहींसाठी जरा विस्ताराने लिहिले आहे, कारण नाशिकमध्ये तो प्रश्न विंचवापेक्षा मोठा होत चालला आहे.

विंचूदंशाची पाने मात्र सुटी काढता येतील अशी बांधली आहेत. त्यांत लक्षणांचा तक्ता आहे, प्राझोसिनची मुलांसाठीची मात्रा आहे (वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम), पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो म्हणून रुग्णाला उठवून बसवू नये ही सूचना आहे, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा देण्याचा क्रम आहे. वापरण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या चालू मार्गदर्शक सूचनांशी ती ताडून पाहावीत, आणि मग उपचाराच्या खोलीत टेबलाशेजारी लावावीत.